पहाटेची सुंद्री आणि माझं पत्रक

सोलापुरात थंडी पडते ती आमच्या शेजारच्या आजोबांना विचारून पडते, असं मी दहा वर्षांची होईपर्यंत खरंच मानत होते. आणि आता पंचविशी ओलांडल्यावरही माझं ते मत पुरतं बदललंय असं नाही. बाहेरगावच्या माणसाला मुळात सोलापुरात थंडी असते हेच पटत नाही. आजोबा मात्र दिवाळी सरली की एका सकाळी अंगणात उभे राहायचे, वीतभर लांबीची आपली सुंद्री ओठाला लावून एक लांब सूर काढायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करायचे, "आली." सुंद्री म्हणजे सनईची धाकटी बहीण, अंगानं लहान, पण आवाजानं थोरलीला मागं सारणारी. तिच्या तोंडाशी पानाची एक इवलीशी पत्ती असते. ती पत्ती ज्या सकाळी आखडली, त्या सकाळी थंडी सुरू झाली, असं आजोबांचं शास्त्र होतं. पेपरातला पारा काही का म्हणेना, त्या दिवशी गल्लीतल्या पेट्यांमधून स्वेटर निघायचे, आणि एखाद्यानं "अजून कुठं थंडी आहे आजोबा?" असं विचारलंच तर त्याला उत्तर मिळायचं, "तुला काय कळतंय. तुझ्या तोंडाला पत्ती हाय का?"

त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत त्यांच्या घरात सगळ्यांत जास्त लाड त्या पत्तीचे व्हायचे. तिला ऊब लागते म्हणून ती एका चिंधीत गुंडाळून भाकरीच्या दुरडीत, दोन गरम भाकरींच्या मध्ये ठेवली जायची. घरातली माणसं थंडगार भाकरी खातील, पण पत्तीच्या खालची आणि वरची भाकरी उचलायची नाही असा दंडक होता. मी लहानपणी निम्मं जेवण त्यांच्याच घरी करायचे, कारण त्यांची नात गिरिजा आणि मी एका वर्गात होतो. एकदा मला हा दंडक ठाऊक नसताना मी वरची भाकरी शेंगाचटणीबरोबर मोडून खाल्ली, आणि चिंधीतून निसटलेली पत्ती भाकरीचा पापुद्रा समजून चावून गिळली. गिरिजाची आजी कपाळाला हात लावून बसली. आजोबांनी मला समोर उभं केलं, बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "बोल बघू काहीतरी." मी रडत रडत म्हणाले, "चुकलं आजोबा." ते कान देऊन ऐकत राहिले आणि मान हलवून म्हणाले, "न्हाई. सुरात न्हाई. पत्ती वायाच गेली."

सुंद्रीला स्वतःला लोकरीची टोपी होती. ती गिरिजा पाळण्यात असताना तिच्यासाठी विणली होती. आजोबांनी ती सुंद्रीच्या मापाची आहे हे पाहिलं आणि ताब्यात घेतली. दातांच्या डॉक्टरकडे त्यांना नेलं की ते खुर्चीत बसण्याआधी समोरच्या वरच्या दोन दातांवर बोट ठेवून बजावायचे, "डॉक्टरसाहेब, बाकीचे माझे हायत, काय पायजे ते करा. हे दोन सुंद्रीचे हायत." त्या दोन दातांचा ओठाला मागून टेकू असतो, तो गेला की फुंक निसटते. म्हणून थंडीतले पेरू त्यांना वर्ज्य होते, ऊस तर ते दुरूनही बघायचे नाहीत. हुरड्याच्या दिवसांत कुणी मूठभर दाणे दिले तर ते दाढेकडच्या बाजूनं, समोरच्या दोघांना पत्ता लागू न देता खायचे. राग आला की ते कानडीत बोलायचे आणि कौतुक मराठीत करायचे. त्यामुळे गिरिजाला कानडी फार लवकर आलं.

आणि नळ. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. येण्याआधी नळ नुसती हवा सोडतो. ही हवा आजोबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकायचे. सुरुवातीची फुसफुस ते मनावर घ्यायचे नाहीत. हवेचा आवाज खाली खाली उतरत एका विशिष्ट सुरावर आला की ते खणखणीत आवाजात म्हणायचे, "लागला षड्ज. हंडे लावा." आणि पाणी यायचं. गल्लीतल्या बायकांना संगीतातलं एवढं एकच कळायचं आणि तेवढं पुरायचं.

पण आजोबांची खरी थंडी म्हणजे संक्रांतीआधीचा धुंदुरमास. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या मठात पहाटे पूजा होते, उजाडता उजाडता बाजरीची भाकरी आणि मुगाची खिचडी वाटली जाते, आणि पूजेआधी अर्धा तास मठाच्या ओट्यावर बसून आजोबा सुंद्री वाजवायचे. शेजारी गिरिजा दुसऱ्या सुंद्रीवर नुसता एक सूर धरून बसायची. आजोबांचा अभिमान त्यांच्या बोटांत नव्हता, श्वासात होता. गाल हवेनं भरून ठेवायचे, तोंडानं सूर चालू असतानाच नाकानं नवा श्वास आत घ्यायचा, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत धागा तुटू द्यायचा नाही. रात्रपाळी संपवून यंत्रमागावरून घरी येणारे कामगार चौकात सायकल टेकवून उभे राहायचे. चाळीस वर्षांत धागा एकदाही तुटला नाही, असं ते सांगायचे, आणि गल्लीत ते कुणी खोटं मानत नव्हतं.

हे सगळं मी इतक्या मायेनं सांगतेय म्हणजे मी त्यांच्याशी नीट वागले असेन, असं कुणाला वाटेल. नाही वागले.

त्यासाठी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात पाळण्याच्या आधी पत्रकं आली. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. शाळेच्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, फडताळात कागद पत्रकांचे, आणि मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बंधूंनो' होता. लिहायला लागले तीही पत्रकंच. अन्याय दिसला की मला रात्री झोप लागत नाही, आणि दिसला नाही तर दिवसा करमत नाही. वडिलांचा मात्र एक नियम होता: ज्याच्यासाठी लिहायचं, त्याला आधी जाऊन विचारायचं. हा नियम मी अनेक सभांत स्वतःचा म्हणून सांगितला आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत गिरिजा नर्सिंगचं शिकायला सांगलीला होती. धुंदुरमास लागला आणि पहिल्याच पहाटे मठाच्या छपरावरून भोंगा वाजला. भोंग्यातून सुंद्री. मी अंथरुणातून उठून खिडकीत आले. ओटा रिकामा होता, मठाचं दार बंद. त्या दिवशी आजोबा गल्लीत भेटले तेव्हा त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढलेला होता. मी विचारलं, "आजोबा, यंदा वाजवत नाही तुम्ही?" ते म्हणाले, "थंडी लई हाय," आणि भराभर पुढं गेले. थंडीला घाबरून आजोबा पळाले हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यातून मला जे समजायचं ते मी समजून घेतलं. मठाच्या कमिटीनं म्हाताऱ्या कलावंताला घरी बसवलं आहे आणि त्याच्या जागी कुठलीतरी जुनी टेप लावली आहे. बिचारा बोलू शकत नाही. मग बोलायचं कुणी?

मी आठवडाभर पहाटे अंथरुणात पडून ती टेप ऐकली. पुरावा हवा म्हणून अगदी कान लावून ऐकली. आणि मग लिहिलं. मथळ्यापुढं तीन उद्गारचिन्हं होती. 'जिवंत कलावंत घरात, मेलेली टेप देवळात' असं वाक्य होतं आणि त्यावर मी स्वतःच खूश होते. पुढं लिहिलं होतं की ही टेप घासलेली आहे. दुसऱ्या ओळीत वर चढताना ती अडकते, दोन क्षण नुसती खरखर येते, आणि मग सूर परत येतो तो उतरलेला असतो. ज्या गल्लीनं चाळीस वर्षं अखंड श्वास ऐकला, तिच्या कानात हे भंगार ओतण्याचा अधिकार कमिटीला कुणी दिला?

वडिलांनी ते चष्मा लावून वाचलं. विचारलं, "त्यांना विचारलंस का?"

"अन्याय होतोय तो दिसतोय की. त्यात विचारायचं काय?"

"दार बंद असतं म्हणतेस. उघडून बघितलंस?"

मी म्हणाले, "बाबा, तुमची चळवळ म्हातारी झाली." ते चष्मा काढून पुसत बसले. त्या संध्याकाळी पत्रक घरोघर गेलं, आणि ज्यांच्या घरी गेलं नाही त्यांच्या मोबाइलवर गेलं.

माझ्या आयुष्यात माझं एकच पत्रक पूर्णपणे यशस्वी झालं, ते हे. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस माणसं मठात गेली. नेहमी आपापसांत भांडणारी माणसं एका आवाजात म्हणाली, टेप बंद करा आणि आमच्या आजोबांना ओट्यावर आणा. मठाचे स्वामी काहीतरी सांगायला तोंड उघडत होते आणि परत मिटत होते. शेवटी त्यांनी भोंगा उतरवला. ठरलं की भोगीच्या पहाटे आजोबा ओट्यावर बसून वाजवतील आणि सगळ्या गल्लीनं यायचं. मी त्या दिवशी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

भोगीच्या आदल्या दुपारी गिरिजा सांगलीहून आली. बॅगही न ठेवता ती आमच्या दारात उभी राहिली. "तुला कुणी सांगितलं गं ती टेप आहे म्हणून?"

मी म्हणाले, "ऐकलं की. रोज."

"आजोबा होते ते."

मला काही कळेना. ती उंबऱ्यात बसली आणि तिनं सांगितलं. दिवाळीनंतर आजोबांचा समोरचा एक दात पडला. सुंद्रीचा. फुंक निसटायला लागली. दम तर आधीच कमी झाला होता, ते त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. ओट्यावर बसलं तर लोकांना तोंड दिसेल, म्हणून त्यांनी स्वामींना हात जोडून विनंती केली: आतल्या खोलीत दार लावून बसतो, थंडीचं कारण सांगा, आवाज पुरत नाही तर माईक लावा, पण यंदाचा महिना माझा राहू दे. स्वामींनी शब्द दिला आणि पाळला. लोक अंगावर आले तेव्हाही पाळला. "रोज पहाटे चारला उठून पत्ती गरम करत होते," गिरिजा म्हणाली, "आणि तू भंगार लिहिलंस."

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक भिंत आहे. तेवढं अंतर चालून जायला मला तास लागला.

आजोबा अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते. मफलर नाकापर्यंत. "ये अव्वा," ते म्हणाले. अव्वा म्हणजे आई; त्यांच्याकडे लेकीबाळींनाही अव्वा म्हणतात. मी खाली बसले आणि म्हणाले, "आजोबा, मला माहीत नव्हतं."

"काय?"

"की ते तुम्ही होता."

"म्हाईत असतं तर काय लिवलं असतंस? लई गोड वाजवलं म्हणून?"

 त्यांनी सदऱ्याच्या खिशातून माझं पत्रक काढलं. चार घड्या घालून जपून ठेवलेलं. त्यातल्या तीन ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. माझा चेहरा तापला.

"हितं बघ. दुसऱ्या ओळीत वर चढताना. बरोबर हाय. तितंच जातोय दम. आनि परत आल्यावर सूर उतरलेला असतोय, हे पन बरोबर. मला वाटत हुतं जरासा उतरतोय, कुणाच्या ध्यानात येनार न्हाई." ते कागदाकडे बघत राहिले. "चाळीस वर्सं वाजवतोय, अव्वा. लोक येतात, म्हणतात लई गोड, आनि खिचडी खाऊन जातात. कुटं तुटलं, किती उतरलं, कुणी सांगितलं न्हाई. तू एवढं कान लावून ऐकत हुतीस व्हय?"

"रागानं ऐकत होते."

"रागानं का हुईना," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. तेच मला सोसेना.

मी म्हणाले, "मी आज दुसरं पत्रक काढते. सगळं खरं लिहिते. माफी मागते."

"म्हंजे गल्लीला सांगनार, ती टेप न्हवती, म्हातारा हुता?"

 चूक केली की तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ती दुरुस्त करायची, हे मी शिकले होते. पण ही दुरुस्ती छापली तर ती पुन्हा त्यांच्याच अंगावर जाणार होती. माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. मी म्हणाले, "मग उद्या बसू नका. तब्येत बरी नाही असं मी सांगते सगळ्यांना."

"खोटं सांगनार? पत्रकवाली तू?" त्यांचे डोळे मफलरच्या वर हसले, मग हसायचे थांबले. "अगं, लोकांनी टेप बंद करून मला मागितलंय. असं आजवर कुणी मागितलं न्हवतं. जायला पायजे की."

भोगीच्या पहाटे मठासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडातून वाफा निघत होत्या. रात्रपाळीचे कामगार सायकली टेकवून उभे होते. माझे वडील मागं भिंतीला टेकून उभे होते. दोन-तीन जणांनी माझी पाठ थोपटली. पत्रकामुळं झालं हे सगळं, म्हणाले. आजोबा पांढरा फेटा बांधून आले, ओट्यावर बसले, सुंद्रीची टोपी काढून मांडीवर ठेवली. गिरिजानं भाकरीतून काढलेली गरम पत्ती त्यांच्या हातात दिली आणि शेजारी बसून सूर धरला. आजोबांनी लोकांकडे पाठ होईल एवढं वळून मफलर खाली केला आणि वाजवायला सुरुवात केली.

पहिली ओळ आली. जुन्या सवयीनं लोकांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. दुसरी ओळ वर चढायला लागली आणि मला ती जागा येताना दिसली, जशी गाडी येताना दिसते. फुंक निसटली. सूर तुटला. दोन क्षण नुसती खरखर. गिरिजाचा सूर तेवढा एकटा चालू राहिला.

आजोबांनी सुंद्री खाली घेतली. हळूहळू वळून लोकांकडे तोंड केलं. मफलर खालीच होता आणि दाताच्या जागेची खिंड सगळ्यांना दिसत होती. ते म्हणाले, "ही टेप हितंच अडकती. जरा दम धरा. परत चालू हुती."

लोक हसले. मग हसू अर्ध्यावर थांबलं. प्रत्येकाला ते वाक्य कुठं वाचलं ते आठवत गेलं, आणि एकेक मान माझ्याकडे वळली. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. त्याची मला सवय आहे. मी खिचडीच्या पातेल्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात आजोबांनी सुंद्री परत ओठाला लावली. सूर आला तो उतरलेलाच होता. पुढं आणखी दोनदा तुटला. एकही माणूस जागचा हलला नाही, आणि शेवटी कुणी "लई गोड" म्हणालं नाही. 

नंतर खिचडी वाटली. माझ्या पत्रावळीवर कुणीतरी तूप जास्त वाढलं आणि मी ती खिचडी नुसती चिवडत राहिले. आजोबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "खा की. पत्ती न्हाई त्यात."

त्यानंतर ते मठात वाजवायला बसले नाहीत. गिरिजा शिकून परत आली, इथल्याच दवाखान्यात लागली. आता धुंदुरमासात ती पहाटे ओट्यावर बसते, आणि तिची पाळी सकाळची असेल तर वाजवून तशीच पुढं जाते. आजोबा शेजारी बसून सूर धरतात; त्याला दम कमी लागतो. पत्ती अजून भाकरीतच गरम होते. मी अजून पत्रकं लिहिते, पण आधी दार उघडून बघते. उशिरा आलेलं शहाणपण आहे, त्याचं कुणी कौतुक करू नये. त्या एका पत्रकाची माफी मात्र मी अजून कुठं छापलेली नाही. हे सगळं लिहू का, असं आजोबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लिव. पन टेप हा शब्द तेवढा खोड." तो मला खोडता आला नाही.

गिरिजा छान वाजवते. तरुण छाती आहे, श्वास भरपूर. तरी दुसऱ्या ओळीत वर चढताना ती त्याच जागी क्षणभर थांबते. मी तिला एकदा विचारलं, तुला थांबायची काय गरज? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "चाल अशीच आहे ना." गल्लीलाही आता ती तशीच वाटते. मी खिडकी उघडी ठेवून पडून ऐकते. ती जागा येते, दोन क्षण आजोबांचा सूर तेवढा चालू राहतो, आणि तिचा सूर परत येतो, अगदी जिथल्या तिथं, जराही न उतरलेला. जरासा उतरलेला आला असता तर बरं वाटलं असतं.